दोष कोठे होता?

मोटारसायकलीच्या प्लगला ठिणगी कमी पडते, एवढ्याशा कारणावरून एखाद्या धर्मशील व्यापारी घराला आपल्या बोलण्याचा हिशेब पुन्हा तपासावा लागेल, असे सहसा कोणाला वाटणार नाही. बदलापुरातील एका कुटुंबावर गेल्या चातुर्मासात नेमका हाच प्रसंग आला. प्रसंग लहान आहे. त्यात चोरी नाही, लबाडी नाही, कोर्टकचेरी नाही. तरीही ज्या घरांत दुकान आणि देवघर बरोबरीने वाढले, त्या घरांनी तो ऐकावा असा आहे.

या कुटुंबाचे कापडाचे दुकान अंबरनाथला आणि राहणे बदलापूर पश्चिमेला. दुकान वडिलांनी थाटले. प्रारंभी त्यांच्याजवळ लुना होती. नगरच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली ती बाजारात आणली होती, आणि एका जैन घराने ही गाडी देशाला दिली, हे वडील गिऱ्हाइकांना आवर्जून सांगत. पुढे धंदा वाढला, कापडाची गाठोडी जड झाली आणि १९८८ साली त्यांनी यामाहा आरएक्स १०० घेतली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने १९८५ साली आणलेली ही गाडी १९९६ पर्यंत तयार होत होती. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि शंभर किलोंच्या आसपास वजन. गाडी दिसायला सडपातळ. पण तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की घरात आई चुलीवर तवा ठेवीत असे.

आठवड्यातून दोनदा वडील या गाडीवरून उल्हासनगरच्या गजानन मार्केटात कापड खरेदीला जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींतून आश्रय मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही जुनी माणसे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर दोन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. उल्हासनगरच्या मालाविषयी एक विनोद सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. दुकानात बसून कोणी हा विनोद केला की वडील हसत नसत. ते म्हणत, “ज्यांचं घरदार, शेतीवाडी, पेढी सगळं एका रात्रीत गेलं आणि ज्यांनी बराकीत गोळ्या-बिस्किटं विकून पुन्हा गल्ला मांडला, त्यांची थट्टा आपण करायची? त्यांनी मला कागदावाचून उधार दिलं आहे.”

वडील गेले. दुकान मुलाकडे आले. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी घरात शिरले, तेव्हा मोटारसायकल दिवसभर पाण्याखाली होती. चिखल धुऊन, तेल बदलून, उन्हात वाळवून ती पुन्हा चालू झाली. मात्र चासिसला गंज धरला. त्यानंतर ती बहुतेक काळ जिन्याखालीच उभी राहिली. कायद्याच्या दृष्टीने ती ‘विंटेज’ नव्हे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तो मान मिळायला वाहनाची पन्नाशी उलटावी लागते. घराच्या दृष्टीने मात्र ती वडिलांची शेवटची चालती-बोलती वस्तू होती. आईचे वय पाहता मुलाने ठरविले की या वर्षी गाडी पूर्ववत करावी आणि आईला तो आवाज पुन्हा एकदा ऐकवावा.

हे गृहस्थ कामात चोख. गाडी पूर्ण खोलली. चासिस भट्टीवर पाठवून गंज काढला आणि त्यावर काळ्या रंगाचे पावडर कोटिंग करून घेतले. टाकीला नवा रंग दिला, क्रोम झळकले. गाडी जणू शोरूममधून आली असावी, अशी दिसू लागली. पण चालेना. तीन-चार किकनंतर सुरू होई. गल्लीतल्या गल्लीत नीट धावे. रस्त्यावर आणून थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे पिळला की अडखळे, फटफट करी आणि अंबरनाथच्या उड्डाणपुलाच्या चढावर हमखास दम टाकी. प्लग काढून पाहावा तर काळा आणि ओला. प्लग कॅपमध्ये बसवून, त्याचे अंग इंजिनच्या पंख्यांना टेकवून किक मारली की ठिणगी दिसे. पण ती बारीक, नारिंगी आणि मरगळलेली. ठिणगी कशी हवी, हे वडिलांनी लहानपणी दाखवले होते. निळी आणि चट्ट आवाज करणारी.

येथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. कारण पुढची चूक या अज्ञानातूनच झाली. जुन्या राजदूतसारख्या गाड्यांत ठिणगीची वेळ प्लॅटिनम पॉइंट ठरवीत. दोन लहान टोके उघडझाप करीत. ती झिजली की पॉलिश पेपरने घासायची, फट जुळवायची आणि पुढे निघायचे. दोष डोळ्यांना दिसे. आरएक्स १०० मध्ये अशी टोके नाहीत. तेथे सीडीआय नावाची एक बंद डबी आहे. इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरतो, त्यामुळे प्लेटवरच्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते आणि डबीतल्या कपॅसिटरमध्ये साठते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी पल्सर कॉइल इशारा देते. त्याबरोबर थायरिस्टर नावाचे इलेक्ट्रॉनिक दार उघडते आणि साठलेली दोनेकशे व्होल्टची वीज क्षणार्धात एचटी कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यात रिकामी होते. दुसऱ्या, अतिशय बारीक तारेच्या वेटोळ्यात तिचे दहा-वीस हजार व्होल्ट होतात आणि प्लगच्या सुमारे ०.७ मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडते. हे सारे बॅटरीवाचून होते. रचना उत्तम आहे, देखभाल जवळजवळ नाहीच. एकच अडचण, डबी बंद असल्यामुळे आत काय चालले आहे, ते कोणालाच दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्यावर संशय घेणे फार सोपे असते.

गृहस्थांनी प्रथम प्लग बदलला. मग कार्बोरेटर धुतला. फरक पडला नाही. तेव्हा कोणीतरी सांगितले, “सीडीआय गेली असणार.” ते उल्हासनगरला गेले. सुट्या भागांच्या एका जुन्या, लहान दुकानात साडेसातशे रुपयांना नवी सीडीआय मिळाली. गल्ल्यावर एक वृद्ध सिंधी दुकानदार होते. त्यांनी डबी गुंडाळता गुंडाळता विचारले, “शेठ, गाडीला रंग नवीन मारला आहे का?” गृहस्थांना वाटले, हा उगाच गप्पा मारतो आहे. “हो, सगळं नवीन आहे,” असे म्हणून ते निघाले. दुकानात पाटी होती, ‘इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही’.

नवी डबी बसवली आणि गाडी दोन दिवस सुरेख धावली. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि पुन्हा तेच. गृहस्थांचा संताप अनावर झाला. तो विनोद, ज्याला वडील कधी हसले नव्हते, त्यांच्या ओठांवर आला. ते तसेच उल्हासनगरला गेले आणि भर गल्ल्यासमोर, चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, “डुप्लिकेट माल विकता. दोन दिवसांत बसली.” वृद्धांनी पाटीकडे बोट दाखवले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “अर्थिंग पाहिलंत का?” गृहस्थ म्हणाले, “आता अर्थिंगचं कारण सांगू नका.” वृद्धांनी डबी परत घेतली, गल्ल्यातून साडेसातशे रुपये काढून समोर ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. पैसे परत मिळाले, याचा अर्थ गृहस्थांनी असा लावला की चोर पकडला गेला. त्याच रात्री त्यांनी अंबरनाथच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दुकानाचे नाव घालून लिहिले की तेथे नकली माल मिळतो, सावध राहावे. आभाराचे अंगठे भराभर आले.

दुसरी सीडीआय त्यांनी मुंबईहून, दुप्पट भावाने मागवली. ती बसवली. गाडी चार दिवस चालली आणि पाचव्या दिवशी चढावर बंद पडली.

खरे तर येथेच थांबायला हवे होते. दोन वेगळ्या गावांतल्या, दोन वेगळ्या भावांच्या दोन डब्या एकाच जागी, एकाच रीतीने हरतात, तर हरणारी वस्तू डबी नव्हे, हे कोणत्याही व्यापाऱ्याला कळेल. एकाच गिऱ्हाइकाकडे दोन मुनीम पाठवले आणि दोघेही रिकाम्या हाताने परतले, तर आपण मुनीम बदलत नाही. गिऱ्हाइकाचे खाते उघडून पाहतो. पण रागाला हिशेब येत नाही.

श्रावणातल्या चतुर्दशीला पक्खी प्रतिक्रमण करून आई उपाश्रयातून आल्या. मुलगा अंगणात गाडीशी झटत होता आणि दुकानदाराला नावे ठेवीत होता. आई पायरीवर बसल्या. त्यांनी विचारले, “त्याची डबी खराब होती, हे तू कशावरून म्हणतोस?”

“आई, गाडी चालत नव्हती ना.”

“आता तरी कुठे चालते आहे?”

मुलगा गप्प राहिला. आई म्हणाल्या, “तुझे वडील कापड मोजल्याशिवाय बिल फाडत नसत. तू न मोजताच फाडलंस. अठरा पापस्थानकांत तेरावं कोणतं, ते आठवतं ना? आज मी तेच म्हणून आले.”

प्राणातिपातापासून मिथ्यात्वशल्यापर्यंतची ती अठरा नावे आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत असतात. वेगाने म्हणताना एकेका नावावर मन थांबत नाही. पहिले प्राणातिपात आपण डोळ्यांत तेल घालून टाळतो. पाणी गाळतो, रात्री जेवत नाही. तिसऱ्या अदत्तादानाची भीती व्यापाऱ्याला असते. पण तेरावे अभ्याख्यान, म्हणजे ज्याने दोष केला नाही त्याच्या माथी दोष मारणे, हे इतके सहज घडते की त्याची नोंदही होत नाही. त्याला ना शस्त्र लागते, ना पैसा. भ्रमणध्वनीवर एक अंगठा पुरतो.

पुढच्या रविवारी घरात तिघे जण गाडीभोवती बसले. गृहस्थ, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची कन्या आणि एक म्हातारे मिस्त्री, ज्यांनी वडिलांच्या काळापासून ही गाडी हाताळली होती. कन्येने वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिले ‘मोजलेले’, दुसऱ्या बाजूला ‘मानलेले’. मग वडिलांना विचारले, “पप्पा, आतापर्यंत काय काय केलंत, सांगा.” प्लग, कार्बोरेटर, सीडीआय, पुन्हा सीडीआय. सगळे ‘मानलेले’ या रकान्यात गेले. ‘मोजलेले’ हा रकाना कोरा राहिला.

मिस्त्रींनी प्रथम एक गोष्ट समजावली. उघड्या हवेत दिसणारी ठिणगी म्हणजे सिलिंडरमधली ठिणगी नव्हे. आत पेट्रोलमिश्रित हवा दाबली जाते आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला विजेला कितीतरी अधिक जोर लागतो. थ्रॉटल पिळला की आत अधिक हवा भरते, दाब आणखी वाढतो. म्हणून अशक्त ठिणगी गल्लीत पुरते आणि चढावर हरते. बाहेर तिने पाच-सहा मिलिमीटरची फट निळ्या प्रकाशाने ओलांडली, तरच तिच्यावर भरवसा ठेवावा. आणखी एक ताकीद त्यांनी दिली. तपासताना प्लगचे अंग इंजिनला नीट टेकलेले असावे. ते अधांतरी ठेवून किक मारली तर उच्च दाबाच्या विजेला वाट मिळत नाही आणि चांगली डबी खरोखरच बिघडू शकते. प्लगच्या उघड्या भोकापासून ठिणगी दूर असावी, हेही त्यांनी बजावले. पेट्रोलची वाफ कोणाचे ऐकत नाही.

मग क्रमाने तपासणी सुरू झाली. किल्लीच्या स्विचकडे जाणारी तार सोडवली. या गाडीत किल्ली बंद केली की डबीची वीज जमिनीत जाते, आणि स्विचमध्ये ओल शिरली असेल तर चालू गाडीतही थोडी वीज तेथून गळते. ठिणगी तशीच राहिली. प्लग कॅप काढून मोजली. पाच हजार ओहमच्या जवळपास, म्हणजे ठीक. एचटी तारेचे टोक अर्धा सेंटिमीटर कापून ताज्या तांब्यावर कॅप पुन्हा घट्ट बसवली, फरक नाही. जिन्याखालची जागा गोणपाट लावून अंधारी केली आणि किक मारून पाहिले, तारेवरून कोठे निळसर गळती दिसते का, दिसली नाही. मॅग्नेटच्या प्लेटवरच्या दोन्ही कॉइल मोजल्या; तार तुटलेली नव्हती. तांब्याचा विरोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, म्हणून इंजिन गरम करून पुन्हा मोजल्या. थोडा आकडा चढला, तेवढा चढणारच होता. एचटी कॉइलचे पहिले वेटोळे एक ओहमच्या आत, दुसरे काही हजार ओहम. तेही ठीक.

‘मोजलेले’ या रकान्यात आता सात ओळी झाल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे ‘ठीक’ होते. गृहस्थ कंटाळले. मिस्त्री मात्र विडी न पेटवता नुसती बोटांत फिरवीत बसले होते. त्यांचे वडील अंबरनाथच्या विमकोत, काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते. ते म्हणाले, “काडी पेटली नाही की लोक काडीला शिव्या देतात. माझा बाप म्हणायचा, आधी पेटीची बाजू बघ. ओली असते ती पेटीची बाजू.”

कन्येने मीटरची एक तार एचटी कॉइलच्या लोखंडी पट्टीला लावली आणि दुसरी इंजिनच्या पंख्याला. आकडा शून्याजवळ हवा होता. तो सहा, अकरा, चार, नऊ असा नाचू लागला. पट्टी बोटाने हलवली की आकडा उडे.

दोष सापडला होता. या गाडीत एचटी कॉइलला डबीकडून येणारी तार एकच. वीज त्या तारेने जाते आणि परत येते ती कॉइलच्या पट्टीतून, बोल्टमधून, चासिसच्या लोखंडातून. चासिस हीच तिची परतीची वाट. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला प्लॅस्टिकसारखा थर. त्यातून वीज जात नाही. गृहस्थांनी गंज काढून चासिस मन लावून रंगवली, तेव्हा कॉइलची पट्टी जेथे टेकते ती जागाही रंगवली गेली. वीज बोल्टच्या आट्यांना कोठेतरी खरचटलेल्या एखाद्या कणातून कशीबशी परतत होती. ज्या वेटोळ्याचा स्वतःचा विरोध एक ओहमसुद्धा नाही, त्याच्या वाटेत सहा-सात ओहम आडवे आले, तर बहुतेक शक्ती वाटेतच खर्च व्हायची. नवी डबी बसवताना प्रत्येक वेळी टाकी उतरवली गेली, कॉइलचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळले गेले, रंग थोडा खरवडला गेला. म्हणून दोन-चार दिवस गाडी चालली. मग हादऱ्याने आणि पावसाळी दमटपणाने तो कणही गंजला. बरे झाल्याचे श्रेय डबीला मिळाले होते आणि बिघडल्याचा दोषही तिलाच.

मिस्त्रींनी वायरचा एक तुकडा घेतला, त्याचे एक टोक पट्टीला आणि दुसरे इंजिनच्या बोल्टला लावले आणि म्हणाले, “मारा किक.” ठिणगी निळी आली. चट्ट आवाज झाला. कोणी काही बोलले नाही. आपण रोज नावे आणि जमा या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय वही बंद करीत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी जाणारी बाजूच तपासली होती, येणारी कोणीच पाहिली नव्हती. फक्त एका माणसाने दोनदा विचारले होते. एकदा रंगाविषयी, एकदा अर्थिंगविषयी.

पट्टीखालची रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडे केले. त्यावर ग्रीसचा हलका हात फिरवला, म्हणजे गंज धरणार नाही. कॉइलपासून इंजिनपर्यंत एक स्वतंत्र अर्थची तारही कायमची जोडली. खर्च वीस रुपयांच्या आत. संध्याकाळी गृहस्थ गाडी घेऊन अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरापर्यंत गेले आणि उड्डाणपुलाचा चढ टॉप गिअरमध्ये चढून परत आले. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, तेव्हा आई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. गाडी आत येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी एवढेच विचारले, “त्यांना सांगितलंस?”

सांगितले नव्हते. आणि पुढचे दहा-बारा दिवसही सांगितले नाही. गाडीतला दोष सापडायला एक रविवार पुरला. स्वतःतला मान्य करायला वेळ लागला. ग्रुपवर लिहिलेले खोडून टाकावे, असे एकदा मनात आले. पण ते वाचून झाले होते. कोणी विचारले तर सांगू, असे ठरवले. कोणी विचारले नाही. सहावे क्रोध, सातवे मान. क्रमच तसा आहे. क्रोध आठवड्यात उतरला. मान पर्युषण सुरू झाले तरी जागेवर होता.

संवत्सरीच्या दोन दिवस आधी कन्या वडिलांच्या भ्रमणध्वनीवर क्षमापनेचा संदेश तयार करीत होती. हात जोडलेले चित्र, खाली ‘मिच्छामि दुक्कडम्’. दोनशेहून अधिक नावांची यादी तिने निवडली. त्यांत व्याही होते, बँकेचे व्यवस्थापक होते, सोसायटीचे सभासद होते, असे कितीतरी लोक होते ज्यांना या घराने वर्षभरात काहीच दुखावले नव्हते. तिने सहज विचारले, “पप्पा, उल्हासनगरच्या काकांचा नंबर यात कुठे आहे?” नंबर नव्हताच. ज्या एका माणसाची क्षमा मागायची होती, तोच यादीत नव्हता.

त्या रात्री गृहस्थांनी व्यापाऱ्यांच्या त्याच ग्रुपवर, तेवढ्याच स्पष्टपणे, दुकानाचे नाव घालून लिहिले की आपला आरोप खोटा होता, माल अस्सल होता, दोष आपल्या गाडीच्या रंगकामात होता आणि दुकानदारांनी तो आधीच सुचवला होता. या वेळी अंगठे फारसे आले नाहीत. सकाळी ते वडिलांच्या गाडीवरून उल्हासनगरला गेले.

वृद्ध गल्ल्यावरच होते. गृहस्थांनी उभ्यानेच, चार गिऱ्हाइकांच्या देखत, झाले ते सांगितले. पहिले बोलणे चौघांसमोर झाले होते, म्हणून हेही चौघांसमोर व्हावे, असे त्यांनी वाटेत ठरवले होते. वृद्धांनी बसायला सांगितले, चहा मागवला. उपवास आहे म्हटल्यावर उकळलेले पाणी आहे का, असे शेजारच्या दुकानात विचारून आणवले. मग खणातून ती डबी काढली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘चालू आहे, उघडलेला माल’. त्यांनी ती परत आल्याच्या दिवशीच दुसऱ्या गाडीवर लावून पाहिली होती. चालली. पण एकदा उघडलेली वस्तू नवी म्हणून विकायची नाही, हा त्यांच्या दुकानाचा शिरस्ता. म्हणून ती खणातच राहिली. “मग तुम्ही मला फोन का केला नाहीत?” असे गृहस्थांनी विचारले. वृद्ध म्हणाले, “तुम्ही रागात होता. रागातल्या माणसाला डबी चांगली आहे हे सांगून काय मिळणार? गाडी तुम्हाला सांगेल, हे मला ठाऊक होतं.”

गृहस्थांनी ती डबी पूर्ण किमतीला विकत घेतली. वृद्धांनी शंभर रुपये परत केले. उघडलेल्या मालाचा भाव वेगळा, म्हणाले. ते त्यांना घ्यावे लागले. निघताना गृहस्थांनी विचारले, “माझ्या त्या लिहिण्याने तुमचं काही नुकसान झालं का?” वृद्धांनी क्षणभर विचार केला आणि खरे ते सांगितले. अंबरनाथची दोन जुनी गिऱ्हाइके तेव्हापासून आलेली नाहीत. कदाचित दुसऱ्या कारणाने आली नसतील. “येतील,” ते म्हणाले, “नाही आले तरी तुमची गोष्ट माझ्याकडून संपली.”

त्यांच्याकडून संपली. गृहस्थांकडून संपली, असे म्हणता येणार नाही. त्या दोन गिऱ्हाइकांची नावे त्यांनी विचारून घेतली आहेत आणि एकाला ते स्वतः भेटूनही आले. दुसरा भेटायचा आहे. कन्येची ती वही दुकानात गल्ल्याच्या खणात ठेवलेली असते. माल खराब निघाल्याची, नोकराने चूक केल्याची, गिऱ्हाइकाने फसवल्याची तक्रार आली की पान उघडले जाते आणि आधी मधली रेघ ओढली जाते.